शनिवारपर्यंत उघडत होतं

१

सोमवारी सकाळी मी पिशवी टेबलाखाली सरकवतेय, तोच पीएचडी करणारी ती मुलगी समोर येऊन उभी राहिली. रडवेली नव्हती, रागावलेली होती, आणि ते जास्त अवघड असतं. तिच्या विषयाचं मुख्य जर्नल उघडत नव्हतं. मी नेहमीचं सांगितलं: पान पुन्हा लोड कर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघ. ते सगळं तिनं करून पाहिलं होतं. शेवटी मी माझ्याच कॉम्प्युटरवर उघडायला गेले, तर पडद्यावर एक ओळ आली. आपल्या संस्थेला हे वाचण्याचा हक्क नाही.

ती ओळ मी दोनदा वाचली. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत ऑनलाइन जर्नल्सचं टेबल माझं आहे. या जर्नलची वर्गणी आम्ही कित्येक वर्षं भरली होती, आणि एकदा विकत घेतलेले अंक कायमचे आपले असतात. दुकानाचा मालक बदलला म्हणून आपल्या घरातल्या कपाटाला कुलूप लागत नाही. इथे मालक बदलला होता खरा. जर्नल चालवणाऱ्या संस्थेनं गेल्या वर्षी जुना प्रकाशक सोडून नवा धरला होता. पण त्याला बरेच महिने झाले होते, आणि इतके दिवस सगळं सुरळीत चालू होतं.

"परवापर्यंत मी घरी बसून मोबाइलवर वाचत होते," मुलगी म्हणाली. "कॉलेजचा पासवर्डसुद्धा मागत नव्हतं. मग आजच काय झालं?"

मी वहीत 'बंद' एवढंच लिहिलं आणि तिला म्हटलं, दुपारपर्यंत बघते.

तेवढ्यात ग्रंथपाल मॅडम आल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की शनिवारी कॉम्प्युटरला हात कुणी लावला होता. लावला होता सायलेंटनं.

सायलेंट म्हणजे आमचा सहकारी. त्याचा फोन कायम सायलेंटवर, आणि तोही. कॉलेजची इंटरनेटची लाइन बदलली म्हणून शनिवारी थांबून त्यानं सगळ्या प्रकाशकांच्या साइटवर आमच्या नेटवर्कचा नवा नंबर भरला होता. तो नंबर ओळखूनच त्या साइट आम्हाला आत घेतात.

"झालं तर मग," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी यानं नंबर भरले, सोमवारी जर्नल गेलं. शुक्रवारच्या समितीसमोर मी हे ठेवणार."

शुक्रवारची समिती सायलेंटला नोकरीत कायम करायचं की नाही, ते ठरवण्यासाठी होती. वर्षानुवर्षं तो हंगामी होता. आता नाही, तर वयाची अट ओलांडून तो कायमचा बाहेर. हे मॅडमना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि कपाटापाशी पाठ करून उभ्या असलेल्या सायलेंटलाही माहीत होतं. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

मला मात्र आधी हायसं वाटलं, आपल्यावर आलं नाही म्हणून. आणि मग त्याच्या पाठीकडे बघवेना.

२

शोध घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण माझ्या बाळंतपणाच्या रजेत सायलेंटनं माझं टेबल सांभाळलं होतं. परत आले तेव्हा एकही काम तुंबलेलं नव्हतं, आणि खुर्चीवर नवी उशी होती, पाठ दुखत असेल म्हणून. असा माणूस नंबर चुकीचा भरेल?

आधी नेटवर्कवाल्याकडे गेले. तो नेहमीप्रमाणे तारांच्या जंजाळात बसून सगळ्या जगावर वैतागला होता. शनिवारी तो सायलेंटच्या शेजारीच होता म्हणे. दोघांनी मिळून प्रत्येक आकडा दोनदा वाचला होता.

"आणि समजा चुकला," तो म्हणाला, "तरी त्या प्रकाशकाची सगळीच जर्नल्स बंद पडायला हवीत ना? त्यांची बाकीची उघडतायत की नाही? मेन स्विच पडला तर एकट्या स्वयंपाकघरातला पंखा नाही बंद पडत, मॅडम."

मी परत येऊन पाहिलं. त्या नव्या प्रकाशकाची बाकीची जर्नल्स ठणठणीत उघडत होती. म्हणजे नंबर बरोबर होता. गेलं होतं ते हे एकच.

एकट्या याच जर्नलवर कुणाचा राग होता? एका माणसाचा होता, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. त्या विषयाच्या विभागप्रमुखांचा शोधनिबंध या जर्नलनं दोनदा साभार परत पाठवला होता. तेव्हापासून ते प्रत्येक बैठकीत म्हणत, ही वर्गणी बंद करा.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. काही बोलायच्या आत ते हसले. मी का आले असेन हे त्यांनी ओळखलं होतं. प्रकाशक बदलला तेव्हा तुम्हाला लायब्ररीकडून काही विचारणा झाली होती का, एवढंच मी विचारलं. कारण आमच्याकडे रीतच आहे: एखाद्या विषयाच्या जर्नलचं काही करायचं असलं, की त्या विषयाच्या जाणत्या माणसाचा होकार घ्यायचा.

"मला विचारलं असतं तर मी आनंदानं बुडवलं असतं ते," ते म्हणाले. "पण मला कोण विचारतो? त्या जर्नलवर बोलायचा अधिकार तुमच्याच घरी बसलाय. सासऱ्यांना विचारा."

टोमणा खरा होता. माझे सासरे याच विभागाचे आधीचे प्रमुख, आताचे प्रमुख आणि प्राचार्य दोघंही त्यांचेच विद्यार्थी. निवृत्त झाले तरी त्या जर्नलच्या संपादक मंडळावर बाबा अजून आहेत. मी कसनुसं हसले आणि उठले.

दाराशी पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, "सायलेंटची बाजू घेताय, पण त्यालाच विचारलंत का, की तो गप्प का आहे?"

३

सायलेंट मागच्या खोलीत पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत बसला होता. मी स्टूल ओढून बसले. शनिवारचं विचारलं, त्यानं नेटवर्कवाल्यानं सांगितलं तेच सांगितलं, अर्ध्या शब्दांत. मी म्हटलं, मग तुम्ही हे मॅडमना का सांगत नाही? तो म्हणाला, सांगून बघितलं.

मग मी विचारलं, की माझ्या रजेत, प्रकाशक बदलला तेव्हा, या जर्नलबद्दल काही कळवायचं राहिलं होतं का? त्याचा चिठ्ठी लावणारा हात थांबला. नुसता थांबला. नंतर पुन्हा चालू झाला.

"त्या वर्षी तीन जर्नल्सचे प्रकाशक बदलले," तो म्हणाला. "दोन बघा, नीट चालू आहेत."

"आणि तिसरं?"

त्यानं उत्तर दिलं नाही. मी वाट पाहिली. माझी वाट पाहण्याची सहनशक्ती संपते आहे हे बघून त्यानंच विषय बदलला, आणि तो हसला. तो हसलेला मी फार वेळा पाहिलेला नाही.

"छोटी आता दुपारची झोपते ना नीट? बेल जोडलीत का परत?"

जोडली की, मी म्हणाले, आता तोफ डागली तरी उठत नाही. आणि बाहेर आले. उत्तर न मिळाल्याची चुटपुट होती, त्यामुळे मिळालेलं उत्तर हातातून निसटलं ते कळलंच नाही.

संध्याकाळी घरी सगळं बाबांना सांगितलं. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी असतो, सासूबाई नाहीत. दिवसभर मुलीला बाबाच सांभाळतात. त्यांच्या जिवावर मी नोकरी करते, हे मी रोज स्वतःला सांगते आणि रोज त्याची थोडी भीती वाटते. एरवी त्या जर्नलचं नाव काढलं की बाबांना थांबवावं लागतं. त्या दिवशी ते मुलीच्या पायातला मोजा सरळ करत बसले. मोजा सरळच होता.

मला वाटलं, थकलेत.

थोड्या वेळानं म्हणाले, "त्या मुलीचं अडायला नको. तिला काय हवं त्याची यादी आण. मी इथून काढून देतो."

किती चांगले आहेत, असं मी मनात म्हटलं. आणि ताट वाढायला उठले.

४

मंगळवारी मी एका मैत्रिणीला फोन केला. आम्ही दोघी एकत्र शिकलो, आता ती दुसऱ्या शहरात एका छोट्या कॉलेजच्या लायब्ररीत आहे. माझी तक्रार ऐकून ती म्हणाली, अगं, आमच्याकडेही काल तेच. पोरं हळहळतायत.

मी म्हटलं, तुमचीही वर्गणी होती?

"कुठली वर्गणी? एवढी महाग जर्नल्स आम्हाला कोण घेऊन देणार? पण गेलं वर्षभर फुकट उघडत होतं ना. शनिवारपर्यंत उघडत होतं. आम्ही हात धुऊन घेतले."

फोन ठेवून मी वहीतलं सोमवारचं पान काढलं.

ज्यांनी कधी छदामही दिला नव्हता त्यांनाही उघडत होतं. म्हणजे शनिवारपर्यंत ते दार सगळ्यांनाच सताड उघडं होतं. नव्या प्रकाशकानं अदलाबदलीच्या काळात कुणाची गैरसोय नको म्हणून कुलूपच लावलं नव्हतं. म्हणून तर ती मुलगी घरून, मोबाइलवर, पासवर्डशिवाय वाचत होती. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी वहीत 'बंद' लिहून मोकळी झाले होते.

कुलूप सोमवारी लागलं. पण आमच्याकडे किल्ली शनिवारी हरवली नव्हती. ती आमच्याकडे कधी आलीच नव्हती. प्रकाशक बदलला, की प्रत्येक लायब्ररीनं नव्या मालकाला कळवायचं असतं की अमुक वर्षांपासूनचे अंक आम्ही विकत घेतलेत. आम्ही कळवलं नव्हतं. दार उघडं असल्यामुळे इतके महिने कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

शनिवारशी सायलेंटचा काही संबंध नाही, हे सिद्ध झालं होतं. मी जवळजवळ धावत मॅडमच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. मॅडम हुशार आहेत. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

"बरं झालं शोधून काढलंत," त्या म्हणाल्या. "म्हणजे चूक शनिवारची नाही, प्रकाशक बदलला तेव्हाची. तेव्हा तुम्ही रजेवर होतात. तुमच्या टेबलावर कोण बसत होतं?"

मी खोलीबाहेर आले.

शनिवारची चूक निदान आकड्याची, घाईत होण्यासारखी होती. आता तो निष्काळजीपणा झाला होता, महिनोन्‌महिन्यांचा. सोडवायला गेले होते आणि मीच दोर आवळून आले होते.

५

मंगळवारचा उरलेला दिवस आणि बुधवारी मी सायलेंटच्या समोरून जायचं टाळलं. चहाच्या वेळी तो खोलीत असला की मी कपाटात काहीतरी शोधायचे. रस्त्यावर शेजारच्या कुणी बाळ कसं आहे विचारलं तरी मला वाटायचं, हिला कळलंय.

गुरुवारी सकाळी मुलगी नुकतीच झोपली होती आणि इस्त्रीवाल्यानं बेल दाबली. ती दचकून रडायला लागली. मी दार उघडून इस्त्रीवाल्यावर तोंड टाकलं, तो बिचारा म्हणाला, बेल दाबू नका असं लिहा तरी. मी तिला खांद्यावर घेऊन थोपटू लागले. मनात आलं, पूर्वीसारखी बेलची वायर काढूनच ठेवावी.

आणि थोपटणारा माझा हात थांबला.

बेलची वायर आम्ही काढली होती ती तिच्या पहिल्या काही महिन्यांत, ती क्षणभरही झोपत नव्हती तेव्हा. मी कामावर परत जाण्याच्या आधीच ती पुन्हा जोडली होती. ऑफिसात मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार कशी? आधीच सगळे म्हणतात, ही फार काळजी करते. मग सायलेंटला कसं कळलं?

एकाच प्रकारे कळू शकत होतं. त्यानं आमच्या दाराशी उभं राहून बेल दाबली होती, आणि ती वाजली नव्हती.

मी खाली बसले. आता पुढचं मला विचार न करताही दिसत होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं. त्या वर्षी तीन जर्नल्स हलली. त्यातल्या दोन जर्नल्सचं सायलेंटनं चोख कळवलं होतं, म्हणजे कसं कळवायचं ते त्याला पुरतं माहीत होतं. तिसऱ्यापुरतंच त्यानं सोडलं, तर कुणीतरी सांगितलं म्हणूनच. कुणाचं ऐकून? विभागप्रमुखांचं ऐकून सोडलं असतं तर त्यांचं नाव घ्यायला तो कचरला नसता, उशिरा परत केलेल्या पुस्तकांच्या दंडावरून तो त्यांच्याशी भर लायब्ररीत भांडलेला आहे. तो माझ्या घरी आला होता. मला भेटला नव्हता. मग दार कुणी उघडलं?

आणि सोमवारपासून सगळ्यांना बंद असलेलं जर्नल 'इथून काढून देतो' असं कोण म्हणालं होतं? इथून म्हणजे कुठून?

संपादक मंडळावरच्या माणसाला जर्नल स्वतःच्या नावानं उघडतं. त्याला कॉलेजची किल्ली लागत नाही. दार सगळ्यांना बंद झालं तरी त्याला ते उघडंच दिसतं.

आतल्या खोलीत बाबा खोकले. मी मुलीला त्यांच्याकडे न देता तशीच खांद्यावर घेऊन बसून राहिले. कामावर जायची वेळ टळून गेली.

६

"आज जायचं नाही का?" बाबांनी बाहेर येऊन विचारलं. मुलीला घ्यायला त्यांनी हात पुढे केले होते.

मी विचारलं, माझ्या रजेत लायब्ररीतून कुणी आलं होतं का घरी.

त्यांनी हात मागे घेतले. खुर्चीत बसायला त्यांना जरा वेळ लागला.

"मी त्याला चहा दिला होता," ते म्हणाले. "उभ्या उभ्या नाही पाठवलं त्याला."

मग त्यांनी सांगितलं. सायलेंट दुपारी आला होता. कोणत्या वर्षापासूनचे अंक आपण घेतले ते त्याला हवं होतं, मला ते तोंडपाठ असतं म्हणून. मी झोपले होते. किती तरी दिवसांनी मला झोप लागली होती, मुलगीही झोपली होती. बाबांनी माझ्या खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं. आणि सायलेंटला म्हणाले, एवढ्यासाठी तिला कशाला उठवायचं? या जर्नलचं मला विचारा. सगळ्यांचे जुने हक्क आपोआप पुढे जाणार आहेत, मंडळाच्या बैठकीतच ठरलंय. शिवाय लॅपटॉप उघडून त्याला दाखवलं: हे बघा, घरी बसूनही उघडतंय.

"बैठकीत तसं ठरलं होतं?" मी विचारलं.

"मला तसं वाटलं होतं." ते थांबले. "खरं सांगायचं तर बैठकीत मी नीट ऐकत नव्हतो. मंडळावर आता मी नावापुरताच आहे. पण तो समोर उभा राहून मला सर म्हणत होता. मला माहीत नाही, असं म्हणायची सवय नाही मला."

मुलगी माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे झेपावत होती. मी तिला घट्ट धरलं.

"सोमवारीच का नाही बोललात?"

"सोमवारी एका वाक्याचं काम होतं. तेव्हा वाटलं, दोन दिवसांत सुरू होईल. मग तू समितीचं सांगितलंस. रोज तू इथे बसून सांगत होतीस आणि रोज ते वाक्य लांबत गेलं." ते जमिनीकडे बघत होते. "मी जर्नलच्या संस्थेला लिहिलंय. महिन्याभरात कॉलेजला हक्क परत मिळेल."

मी म्हटलं, जर्नल उघडेल हो, बाबा. सायलेंटचं काय?

 समितीत त्यांचे दोन विद्यार्थी बसणार होते. एकेकाळी त्यांच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं वर्ग गप्प व्हायचा, असं तेच दोघं अजून सांगतात. शेवटी म्हणाले, "उद्या मी येतो. मीच सांगतो."

शुक्रवारी सकाळी ते खरंच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. मुलीला शेजारी ठेवायचं ठरलं होतं. मी चपला घालत होते तेव्हा ते तिला कडेवर घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हिचं अंग जरा कोमट लागतंय."

मी तिच्या कपाळाला हात लावला. ती शिंकली तरी मी थर्मामीटर शोधायला धावते. त्या दिवशी धावले नाही. कपाळ गार होतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"तूच सांग," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

७

समितीच्या खोलीत प्राचार्य, विभागप्रमुख आणि मॅडम लांब टेबलाच्या एका बाजूला होते. सायलेंट समोर, एकटा. मला माहिती द्यायला बोलावलं होतं, म्हणून मी कडेच्या खुर्चीवर.

मॅडमनी टिपण वाचून दाखवलं. सायलेंटच्या पूर्ण नावानिशी निष्काळजीपणा हा शब्द त्यात तीनदा आला. मग प्राचार्यांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय?

मी उभी राहिले.  बेलपासून सुरुवात केली, लॅपटॉपपर्यंत सगळं सांगितलं. "माझ्या सासऱ्यांनी" हे शब्द तोंडातून निघताना माझे कान तापले. विभागप्रमुखांना मी टोमणा परत करतेय असं वाटलं असेल, पण ते खाली बघत होते. मला बोलताना सारखं वाटत होतं की बाबा दाराबाहेर उभे राहून ऐकतायत. कुणी नव्हतं.

माझं झालं, मी बसले. मग प्राचार्यांनी घसा साफ केला. आवाज एकदम मऊ झाला होता. सरांचं वय बघता, ते म्हणाले, आणि सरांचं योगदान बघता, असल्या गोष्टीत त्यांचं नाव यावं हे कुणालाच आवडणार नाही. मॅडमनी लगेच मान हलवली. आपण असं लिहू, त्या म्हणाल्या, की तांत्रिक अडचणीमुळे जर्नल बंद झालं. कुणाचंच नाव नको. कायम करण्याचा विषय पुढच्या बैठकीत शांतपणे घेऊ.

मघाशी निष्काळजीपणा होता. माणूस बदलल्याबरोबर तांत्रिक अडचण झाली. मला इतकी लाज वाटली, की ती कुणाची होती हे सांगता येणार नाही. माझ्या घराची, त्या खोलीची, की माझी स्वतःची, कारण एक क्षण, अगदी एक क्षण, मलाही ते शब्द बरे वाटले होते.

"तुमची काही हरकत नाही ना?" प्राचार्यांनी सायलेंटला विचारलं. हे विचारणं नुसतं रीत म्हणून होतं. पुढचा कागद त्यांनी हातात घेतलाही होता.

"आहे," सायलेंट म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो कुणावर चिडला नव्हता. चिठ्ठ्या चिकटवताना बोलतो त्याच आवाजात बोलला.

"मी आठवडाभर वाट बघितली. वाटलं, सर स्वतः सांगतील. मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, याला समजलं नाही, सरांवर ढकलतोय. यांच्या घरात भांडण झालं असतं तर यांची मुलगी कुठे राहिली असती, हेही मनात होतं." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्राचार्यांकडे वळला. "आता यांनी सांगितलंय. माझं नाव तुम्ही टिपणात लिहिलं होतंच. ते खोडायचं, तर त्या जागी जे खरं आहे ते लिहा. आणि माझा विषय आजच घ्या. पुढची बैठक होईल तेव्हा माझं वय बसत नाही."

विभागप्रमुखांनी पेन उचललं. बाकीचे दोघं एकमेकांकडे बघत असताना तेच म्हणाले, लिहा, मी सही करतो. आपल्या सरांचं नाव लिहिताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण मी तो पाहिला नाही, माझ्या चपलांकडे बघत राहिले.

अर्ध्या तासानं सायलेंट कायम झाला. बाहेर आल्यावर मला त्याची माफी मागायची होती. तो म्हणाला, आत्ता नको, मला जरा घरी फोन करू दे. आणि जिन्याखाली जाऊन, भिंतीकडे तोंड करून, तो कितीतरी वेळ बोलत राहिला. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मीही घरी फोन लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला. मागून मुलगी काहीतरी आपटत असल्याचा आवाज येत होता. त्यांनी आधी सायलेंटचं विचारलं. कायम झाले, मी म्हणाले. मग म्हणाले, माझं नाव? लिहिलं, मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले.  मग त्यांनी विचारलं, "सोमवारी हिला माझ्याकडेच ठेवशील ना?"

मी हो म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही, आणि ते मधलं थांबणं त्यांना ऐकू गेलं.